समुद्रसिंहाला फिट का येते? शैवालाचे विष आणि मेंदू

मे-जून १९९८ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर ४०० हून अधिक समुद्रसिंह (सी लायन) मरण पावले. त्यांना झटके येत होते, तोल जात होता, मान एकसारखी हलत होती. याला कारण होते समुद्रातले एक सूक्ष्म शैवाल. या प्राण्यांचा आजार आपणही समजून घ्यायला हवा, कारण हेच विष माणसालाही बाधते.

विष मेंदूपर्यंत कसे पोहोचते?

स्यूडो-निट्झिया नावाचे शैवाल काही वेळा समुद्रात बेसुमार वाढते. त्याच्या काही जाती डोमोइक आम्ल तयार करतात. अँकोव्हीसारखे (आपल्या मांदेलीच्या कुळातले) छोटे मासे हे शैवाल खातात आणि ते मासे समुद्रसिंह खातात.

आपल्या मेंदूत ग्लुटामेट नावाचे रसायन पेशींना उत्तेजित करते. डोमोइक आम्लाची रचना त्याच्यासारखीच असल्याने पेशी फसतात. त्या सतत उत्तेजित राहतात, त्यांच्यात कॅल्शियम प्रमाणाबाहेर शिरते आणि त्या मरतात. सर्वाधिक इजा हिप्पोकॅम्पसला, म्हणजे स्मरणशक्तीशी संबंधित भागाला होते.

विष उतरल्यावर प्राणी बरा होतो का?

विष लघवीवाटे लवकर बाहेर पडते, पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत. काही समुद्रसिंहांना पुढे कायमची अपस्मार (फिट) होते. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या प्राण्यांना जागा लक्षात ठेवणे कठीण जाते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. भक्ष्य कुठे मिळते हेच आठवले नाही, तर समुद्रात जगायचे कसे?

माणसांना धोका आहे का?

हो. १९८७ मध्ये कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटाजवळचे शिंपले खाऊन १०७ जण आजारी पडले आणि तिघे दगावले. काहींची नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची क्षमता कायमची गेली. एका वृद्ध रुग्णाला तर वर्षभराने अपस्मार सुरू झाला. वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना धोका जास्त असतो.

काय काळजी घ्यावी?

• शिजवून किंवा गोठवून हे विष नष्ट होत नाही. विषारी शिंपल्याची चव वा वासही वेगळा नसतो.
• मासळीत हे विष मुख्यतः आतड्यात साठते, म्हणून पोट साफ करूनच मासे खा.
• समुद्राच्या पाण्याचा रंग बदलला असेल किंवा मासे मरून किनाऱ्याला लागले असतील, तर तिथल्या तिसऱ्या, कालवे खाऊ नका. पाणी स्वच्छ दिसले तरी स्थानिक प्रशासनाची सूचना पाळा.
• शिंपले खाल्ल्यावर दोन दिवसांत उलट्या-जुलाबासोबत गोंधळल्यासारखे होणे, विसर पडणे किंवा झटके अशी लक्षणे दिसली, तर ताबडतोब रुग्णालयात जा. या विषावर उतारा नाही, पण झटके वेळीच थांबवले तर मेंदूची पुढची हानी कमी करता येते.

काय खाल्ले आणि कधी खाल्ले, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. रुग्णाला ते आठवेलच असे नाही, म्हणून ही जबाबदारी घरच्यांची.