चाकाचे नट : जोर किती, साधन कोणते?

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग निपाणी सोडून बेळगावकडे निघाला की तवंदी घाट लागतो. घाटातील उतारावर ब्रेक व चाके यांची कसोटी लागते. मोटारीचे प्रत्येक चाक चार-पाच नटांवर टिकून असते. नट सैल राहिल्यास चाक निखळते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते प्रमाणाबाहेर आवळणेही घातक असते. त्यामुळे बोल्ट ताणला जातो, आटे खराब होतात आणि वाटेत पंक्चर झाल्यास गाडीतील पान्याने नट उघडत नाही.

पान्याची लांबी आणि त्यावर दिलेला जोर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. तरफेचा धडा शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य द्यावे. ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर २५ किलो भार दिल्यास सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. अनेक लहान मोटारींस ८५ ते १२० न्यूटन-मीटर पुरेसा असतो. त्याच पान्यावर ६० किलो वजनाची व्यक्ती उभी राहिली, तर तो २३५ पर्यंत जातो! नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

हा जोर मर्यादेत ठेवणारी दोन साधने प्रचलित आहेत. पहिले, ‘क्लिक’ करणारा टॉर्क पाना. मोटारधारकांनी ४० ते २०० न्यूटन-मीटर मापाचा पाना निवडावा, म्हणजे आवश्यक आकडा पट्टीच्या मध्यभागाजवळ येतो. आवाज होताच हात थांबवावा. या पान्याने नट सोडवू नयेत आणि काम झाल्यावर तो किमान मापावर आणून ठेवावा. दुसरे साधन टॉर्क स्टिक. हवेच्या गनला जोडावयाचा हा पोलादी दांडा ठरावीक मर्यादेनंतर स्वतः पीळ खातो आणि जादा जोर नटापर्यंत पोहोचू देत नाही. टायरच्या दुकानास ती सोयीची आहे. मात्र गनच्या ताकदीनुसार फरक पडत असल्याने अखेरची खात्री टॉर्क पान्यानेच करावी. मालमोटारींस याहून पुष्कळ अधिक टॉर्क लागतो. त्यांच्यासाठी वेगळे साधन हवे.

नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. पुस्तिकेत सांगितल्याविना आट्यांस तेल लावू नये. चाक बसविल्यावर ५० ते १०० किलोमीटर प्रवासानंतर फेरतपासणी आवश्यक असते. निपाणीस चाक बदलून निघालेल्या चालकाने बेळगावास पोहोचल्यावर, चाके थंड होताच, ती करून घ्यावी. पाच मिनिटांचे हे काम घाटातील मोठा अनर्थ टाळू शकते.