केटामीन-साहाय्यित मानसोपचार

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र अवसादात केटामीन हे औषध आणि संवादरूप मानसोपचार यांची सांगड घालणारी उपचारपद्धती. केटामीन हे मूलतः शुद्धिहारक (भूल देणारे) द्रव्य असून ते १९६२ मध्ये अमेरिकेत प्रथम तयार करण्यात आले. अल्प मात्रेतील त्याचा अवसादरोधी गुण २००० मध्ये एका छोट्या नियंत्रित चाचणीत आढळला. सामान्यतः दर किग्रॅ. वजनामागे ०·५ मिग्रॅ. औषध सु. ४० मिनिटांत नीलेतून देतात. काही तासांतच उतार पडू शकतो. परंतु तो बहुधा एकदोन आठवडेच टिकतो. म्हणून पुढील मानसोपचार महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. नाशिकमध्ये खाजगी उपचार घेणाऱ्याने एका बैठकीचे शुल्क न विचारता संपूर्ण उपचारक्रमाचा खर्च आधी विचारावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. तथापि अनेक विमापत्रे रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च देत नाहीत.

केटामीन वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. ते देताना रक्तदाब वाढतो व काही काळ भान विचलित होते. म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे आणि त्या दिवशी वाहन चालवू नये. अनियंत्रित रक्तदाब, चित्तविकृती व गर्भारपण यांत ते सामान्यतः वर्ज्य मानतात. दीर्घकाळच्या गैरवापराने व्यसन जडते व मूत्राशयास इजा होते.