व्यायामानंतरची धाप आणि विद्युत्-उद्दीपन

दम्याचा विकार असलेल्या पुष्कळ मुलांना धावताना फारसा त्रास होत नाही. धावणे थांबल्यावर मात्र पाचदहा मिनिटांत छाती आवळून येते व घरघर सुरू होते. व्यायामाच्या वेळी मनुष्य तोंडाने व वेगाने श्वास घेतो. नाकात ऊब आणि ओलावा न मिळालेली हवा थेट आत जाऊन श्वासनलिकांच्या अस्तरातील पाणी शोषून घेते. त्यामुळे तेथील पेशींतून हिस्टामीन, ल्युकोट्राइन यांसारखी द्रव्ये सुटतात व नलिकांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात. पूर्ण श्वास घेऊन तो जोराने सोडला असता पहिल्या सेकंदात जितकी हवा बाहेर पडते, तिच्यात व्यायामानंतर १० टक्के किंवा अधिक घट झाली, तर हा विकार असल्याचे मानतात.

प्राचीन चिनी वैद्यकाने धापेसाठी शरीरावरील काही बिंदू सांगितले आहेत. मानेच्या तळाशी कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या बिंदूचे ‘दिंगच्वान’ हे नावच ‘धाप शमविणारा’ अशा अर्थाचे आहे. अशा बिंदूंवर सुया टोचण्याऐवजी त्वचेला विद्युदग्रे चिकटवून विजेचे सौम्य स्पंद देणे, ही या उपचाराची आधुनिक पद्धत होय.

तिची परीक्षा घेणे मात्र सोपे नाही. व्यायामानंतरची धाप बहुधा तासाभरात आपोआप ओसरते. शिवाय उपचार मिळाल्याच्या विश्वासानेही रुग्णास बरे वाटते. म्हणून खऱ्या उपचाराची तुलना नकली उपचाराशी करावी लागते. हाँगकाँगमधील दम्याच्या मुलांवर केलेला असा एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या बिंदूंवर सुया टोचल्यावर श्वासातील घट सर्वांत कमी आढळली. परंतु नकली उपचारानेही ती काहीशी कमी झाली होती. पुढे २००९ साली तेथीलच संशोधकांनी विद्युत्-उद्दीपनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. नकली उपचार मिळालेल्यांपेक्षा उद्दीपन मिळालेल्यांचा व्यायामानंतरचा श्वास अधिक चांगला राहिला. तथापि, या प्रयोगात अवघ्या तीस व्यक्ती होत्या. एवढ्या पुराव्यावर सर्वसाधारण नियम बांधता येत नाही.

तात्पर्य, हा उपचार अभ्यासास योग्य आहे. औषधाची जागा घेण्यास नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित औषध घेणे, व्यायामापूर्वी श्वासनलिका सैल करणारे औषध ओढणे व हळूहळू अंग तापविणे, हे उपाय कसोटीस उतरलेले आहेत. त्यांच्या आधारे दम्याचे मूलही मैदानावर मोकळेपणाने धावू शकते.