आधी चौक, मग लग्न

पालघर-बोईसरच्या हॉलमधलं लग्न भटजींच्या हाती: सीमांतपूजन, मंगलाष्टका, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी. क्रम हलला तरी पंगत हलत नाही!

डहाणू-तलासरीकडच्या पारंपरिक वारली लग्नात पौरोहित्य बाईकडे, म्हणजे धवलेरीकडे. विधींआधी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर लग्नचौक काढतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करायचा. मधोमध पालघाट देवी, शेजारच्या छोट्या देवचौकात पंचशिऱ्या देव. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी बायकांची ही कला कागदावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कायद्याचं म्हणाल, तर १९५५चा हिंदू विवाह कायदा वारलींसारख्या अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथे रूढीच प्रमाण.