‘स्वेच्छेने’ दिलेले पैसे परत मागता येतात का?

पाच वर्षांपूर्वी आम्ही अंबडमध्ये, औद्योगिक वसाहतीपासून जवळच, एक जुना फ्लॅट विकत घेतला. खरेदीखत झाले, बँकेचे कर्जही मंजूर झाले. राहिले होते ते सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आमच्या नावावर होणे. सेक्रेटरींनी हिशेबाचा कागद पुढे केला. हस्तांतरण अधिमूल्य 25,000 रुपये, आणि त्याखाली ‘इमारत निधीस स्वेच्छा देणगी’ 40,000 रुपये.

मी विचारले, “देणगी दिली नाही तर?”

ते हसून म्हणाले, “मॅडम, सगळेच देतात. त्याशिवाय तुमचा अर्ज कमिटीपुढे जात नाही.”

घरी आल्यावर हे म्हणाले, “नव्या जागी आल्या आल्या वाद नको. इमारतीत आपलं एकच मुसलमान घर आहे, पहिल्याच दिवशी भांडकुदळ म्हणून नाव व्हायला नको.” लेकीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून आम्ही चेक दिला आणि ‘ही रक्कम मी स्वेच्छेने देत आहे’ या छापील ओळीखाली सही केली.

मी वर्गात उर्दू शिकवताना ‘मर्जी’ आणि ‘मजबुरी’ हे शब्द विरुद्ध अर्थाचे म्हणून सांगते. त्या कागदावर मजबुरीलाच मर्जीचे नाव दिले होते. समोरच्याची मनापासून राजीखुशी नसेल तर त्याचा पैसा आपल्याला हलाल नाही, हे आपण घरात मुलांनाही सांगतो. मग सही केली म्हणून विषय संपला का? बरीच कुटुंबे तसेच समजून गप्प बसतात. कायदा मात्र तसे म्हणत नाही.

राज्य शासनाने 9 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. नाशिकसारख्या महानगरपालिका क्षेत्रात ती 25,000 रुपये आहे. सर्वसाधारण सभेने ठराव केला तरी त्याहून जास्त घेता येत नाही. देणगी, विकास निधी किंवा आणखी कोणत्याही नावाने जादा रक्कम घेऊ नये, असे आदर्श उपविधीच सांगतात. फ्लॅट भाड्याने दिला की लावले जाणारे बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, सून-जावई असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते लागतच नाही.

‘तुम्ही स्वतःहून दिले होते ना?’ हा सोसायटीचा नेहमीचा सवाल. अमेरिकेतील न्यायालयांत हा मुद्दा पुष्कळदा चालतो. सगळे माहीत असूनही पैसे भरले तर ते सहसा परत मिळत नाहीत. आपल्याकडे 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 72 आहे. चुकीने किंवा जबरदस्तीमुळे दिलेला पैसा घेणाऱ्याने परत केला पाहिजे, असे ते सांगते. कायदा माहीत नसल्याने झालेली चूकही यात धरली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये बनारसच्या एका विक्रीकर प्रकरणात स्पष्ट केले.

आपल्या विषयाला अगदी लागू पडणारे प्रकरण पुण्याचे आहे. अलंकार सहकारी गृहरचना संस्थेचा वाद 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. रक्कम देणगी म्हणून मिळाली, असे संस्थेचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. मर्यादेपेक्षा जास्त हस्तांतरण शुल्क देणगीच्या नावाने घेता येणार नाही, असे सांगून संस्थेची याचिका फेटाळली.

हे वाचल्यावर मी अर्ज लिहायला बसले. दीड पानाचा, मराठीत, एकही कडू शब्द न वापरता. सोबत पावतीची आणि शासन आदेशाची प्रत जोडली आणि पोच घेतली. दोन महिने उत्तर नाही. दुसऱ्या अर्जात ‘अन्यथा उपनिबंधकांकडे दाद मागावी लागेल’ एवढीच ओळ वाढवली. मग कमिटीची बैठक झाली. बैठकीत आमच्या बाजूने बोलले ते तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा. म्हणाले, “माझ्या मुलाकडूनही असेच घेतलेत.” आठ महिन्यांत दोन चेकने आमचे 40,000 रुपये परत आले. ज्या वादाची धास्ती होती, तो झालाच नाही. उलट त्या आजोबांच्या घरी आता ईदचा शीरखुर्मा जातो.

अशी वेळ तुमच्यावर आली तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. आधी इमारतीची नोंदणी पाहा. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सहकारी संस्था नसून 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या आहेत. त्यांना वरचे सहकारी नियम लागू होत नाहीत, तिथे घोषणापत्र आणि त्यांचे स्वतःचे उपविधी वाचावे लागतात. पैसे रोख देऊ नका. नाइलाजाने द्यावेच लागले तर ‘हरकत राखून, परतीचा हक्क अबाधित ठेवून’ असे पत्र सोबत द्या आणि पोच घ्या. पावतीवर रक्कम कशासाठी ते लिहून मागा. अर्जाचा उपयोग झाला नाही तर शासन आदेश मोडल्याची तक्रार उपनिबंधकांकडे करता येते आणि वसुलीचा दावा कलम 91 खाली सहकार न्यायालयात लावता येतो. अशा दाव्याला साधारण सहा वर्षांची मुदत असते, म्हणून उशीर करू नका.

एक चूक मात्र करू नका. वादाच्या रागात महिन्याचा मेंटेनन्स थांबवू नका. थकबाकीवर उपविधींप्रमाणे व्याज लागू शकते, आणि सोसायटी वसुलीचा दाखलाही मिळवू शकते. पाणी, लिफ्ट, वॉचमन यांचा खर्च सगळ्यांचा असतो. आपला वाटा वेळेवर भरणे हीसुद्धा अमानत आहे.

आणि कोणी खरोखर खुशीने देणगी दिली असेल, तर ती परत मागू नये. पण तुमच्यापुढे ‘स्वेच्छेने’ असा छापील कागद आला, तर सही करण्याआधी एकदा विचारा, “नाही दिले तर काय होईल?” काम अडेल असे उत्तर आले, तर ती देणगी नव्हे.