घरच्या बिअरचं पिंप

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून आलेली मंडळी तिथल्या गराजचं वर्णन हमखास करतात. गवत कापायचं यंत्र, बर्फ लोटायचं यंत्र, आणि काही घरांत एका जुन्या फ्रीजच्या पोटात उभी असलेली स्टीलची दोन-तीन उंच नळकांडी. फ्रीजच्या दारातून एक तोटी बाहेर आलेली. ही नळकांडी म्हणजे केग, म्हणजे बिअरची पिंपं, आणि आतली बिअर घरीच केलेली. जावई किंवा शेजारी मोठ्या हौसेने सांगू लागतो, की हा केग पेप्सीचा, तो कोकचा. ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. बिअरमध्ये पेप्सी-कोक आले कुठून? आणि एकच पेय ठेवायला इतक्या तऱ्हेची पिंपं कशाला?

आधी कायद्याचं सांगून टाकतो. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली, तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बिअर त्यातून राहून गेली. तिच्यासाठी १९७८ साल उजाडावं लागलं. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या वर्षी सही केलेल्या कायद्यानुसार घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन बिअर घरच्यापुरती, कर न भरता करता येते. विकता येत नाही. राज्यांचे कायदे निराळे; मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ साली राजी झाली. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं तिकडचं म्हणूनच ऐकावं.

घरगुती बिअरचा तिथला एक घाणा साधारण पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा असतो. तो बाटल्यांत भरायचा तर ३५५ मिलिलिटरच्या ५३ बाटल्या लागतात. प्रत्येक बाटली धुवायची, निर्जंतुक करायची, भरायची, बूच ठोकायचं. लग्नघरातली भांडी घासणं परवडलं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या घाण्याला माणूस केगकडे वळतो, आणि दुकानात गेल्यावर त्याला पाच-सहा प्रकार दिसतात. कोणता घ्यावा?

केगकडे पाहताना धान्याचा डबा डोळ्यांपुढे आणू नये, प्रेशर कुकर आणावा. बिअरमधला फसफसणारा वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, दाबाखालीच विरघळून राहतो, आणि पेय जितकं थंड तितका तो कमी दाबात राहतो. नेहमीच्या अमेरिकन बिअरमध्ये बिअरच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट वायू मुरलेला असतो. फ्रीजमध्ये, तीन-चार अंश सेल्सियसला, तो टिकवायला दर चौरस इंचाला १२ पौंड दाब पुरतो. हाच केग बाहेर काढून २० अंशांच्या खोलीत ठेवला, तर आतला दाब हळूहळू २८ पौंडांच्या आसपास जातो. आपल्या कुकरची शिटी उडते ती १५ पौंडांच्या सुमाराला. मोटारीच्या टायरमध्ये हवा असते तीसेक पौंड. म्हणजे वीज गेली आणि फ्रीज बंद पडला, की कोपऱ्यातल्या त्या नळकांड्यात शिटीच्या वेळच्या कुकरच्या जवळपास दुप्पट दाब होतो, आणि त्याला शिटी नसते. त्यामुळे केग घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हे पात्र किती दाब सोसतं? दुसरा प्रश्न गृहिणी विचारील तोच: आत हात जातो का? कारण तळाशी यीस्टचा साका बसतो, आणि जे पिंप आतून नीट घासता येत नाही त्यात पुढची बिअर आंबूस होणार, हे लोणच्याच्या बरणीइतकंच खरं आहे.

या दोन्ही प्रश्नांना उत्तम उत्तर देणारं पात्र बिअरसाठी बनलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या उपाहारगृहांत शीतपेयाचा गोड अर्क स्टीलच्या पाच गॅलनच्या टाक्यांतून पोचवला जायचा. त्या बनवणाऱ्यांत मिनेसोटातली कॉर्नेलियस कंपनी नावाजलेली, म्हणून या टाक्यांना सगळे ‘कॉर्नी’ म्हणू लागले. पुढे अर्क खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून येऊ लागला आणि हजारो टाक्या रिकाम्या पडल्या. हौशी बिअरवाल्यांनी त्या जुन्या बाजारातून उचलल्या. पेप्सी-कोकचं कोडं सुटतं ते इथे.

कॉर्नीचं झाकण पाहण्यासारखं आहे. ते लंबगोल असतं, तिरकं करून आत घालायचं आणि मग वर ओढून बसवायचं. ज्यांच्या घरी हॉकिन्सचा कुकर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आतला दाबच झाकण घट्ट धरतो. दाब आहे तोवर ते उघडत नाही. शहाण्या माणसाने केलेली रचना. तिची एक खोड मात्र आहे: दाब कमी असला की झाकणाच्या कडेने वायू निसटतो. म्हणून केग भरल्यावर लगेच ३० पौंडांचा एक झटका देऊन झाकण बसवून घेतात, आणि मगच दाब १२ वर आणतात. बहुतेक कॉर्नींच्या अंगावर १३० पौंडांपर्यंतचा दाब चालेल असं कोरलेलं असतं. २८च्या पुढे एवढी मोकळी जागा असली की रात्री झोप लागते. झाकण काढलं की हात कोपरापर्यंत आत जातो. दोन्ही प्रश्न मिटले.

आता पेप्सी की कोक. डोक्यावरच्या दोन तोंडांपैकी एकातून वायू आत जातो, दुसऱ्यातून बिअर बाहेर येते. पेप्सीच्या टाकीवर जोडणी ‘बॉल लॉक’ पद्धतीची, म्हणजे कॉम्प्रेसरच्या नळीसारखी खटकन बसणारी. कोकच्या टाकीवर ‘पिन लॉक’, म्हणजे बाजूला खुंट्या असलेली, घालून फिरवायची. पेप्सीची टाकी उंच आणि बारीक, सुमारे २५ इंच. कोकची त्याहून दोन-तीन इंचांनी बुटकी आणि जरा रुंद. कोकच्या वायूच्या तोंडाला दोन खुंट्या आणि बिअरच्या तोंडाला तीन, त्यामुळे चुकीची नळी बसतच नाही. पेप्सीची दोन्ही तोंडं जवळपास सारखी दिसतात, नेमका फरक खाचांत असतो. घाईत नळी उलटी दाबली, तर ती अशी अडकते की पकड आणावी लागते. उलट पेप्सीच्या झाकणाला ओढून दाब सोडायची कडी असते, ती कोकच्या जुन्या झाकणांना बहुधा नसते.

माझं मत बॉल लॉकच्या बाजूचं आहे, आणि ते त्या कडीमुळे. हाताने दाब सोडता येतो का, हा कुकर उघडणाऱ्याला पडणारा प्रश्न इथेही महत्त्वाचा. शिवाय आज नवे केग मुख्यतः याच पद्धतीचे निघतात, म्हणजे सुट्या भागांची चिंता नाही. फ्रीज बुटका असेल आणि उंच टाकी मावत नसेल, तर पिन लॉक जरूर घ्यावा. पण घरात दोन्ही जाती नांदवू नयेत. पाहुणे आले असताना एकाची नळी दुसऱ्याला बसत नाही, हे कळणं फारच त्रासाचं असतं.

जुना कॉर्नी घेतला तर आधी त्याची रबरी कडी बदलावीत. एक मोठं झाकणाचं, दोन तोंडांची, दोन आतल्या नळ्यांची, अशी एकूण पाच. अमेरिकेत रूट बिअर नावाचं एक शीतपेय आहे. नावात बिअर असली तरी त्याचा वास आयोडेक्सची आठवण करून देतो. ज्या टाकीत ते पेय होतं तिचं स्टील धुऊन स्वच्छ होतं, पण रबरात मुरलेला वास कितीही धुतला तरी जात नाही, आणि तीन आठवड्यांच्या मेहनतीची बिअर मलमासारखी लागते. पाच कडी फार महाग नसतात.

बारमध्ये जे मोठं, गोल खांद्यांचं पिंप दिसतं ते सँकी. ब्रिटनच्या जीकेएन सँकी या कारखान्यावरून हे नाव पडलं. अमेरिकेतलं नेहमीचं माप साडेपंधरा गॅलन, म्हणजे ५८ लिटरहून थोडं जास्त. भरल्यावर वजन ७० किलोच्या वर जातं. मजबुतीला तोड नाही. पण याला झाकण नसतं. वरती एकच तोंड, त्यातून तळापर्यंत गेलेली एक नळी, आणि ती जागेवर धरणारी एक चपटी कडी. ब्रुअरीत हे पिंप उलटं टांगून यंत्राने धुतात. घरी धुवायचं तर कडी काढून नळी बाहेर ओढावी लागते. आतला दाब पूर्ण सोडल्याशिवाय कडी काढली, तर ती नळी भाल्यासारखी उसळून तोंडावर येते. दुसरी गोष्ट मालकीची. दुकानात भरलेलं सँकी घेताना जी अनामत भरतात ती पिंपाची किंमत नसते. आपल्या घरचा गॅसचा सिलिंडर जसा कंपनीचाच राहतो, तसं ते पिंप ब्रुअरीचंच राहतं. अनामत सोडून दिली म्हणून ते आपलं झालं, असं समजून त्याचं डोकं कापून पातेलं करणारे हौशी आहेत. तो माल कायद्याने चोरीचा ठरतो. हवंच असेल तर रीतसर विकत मिळतं.

इंग्लंडमध्ये गेलं की चित्र पालटतं. तिथे घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली गेली, आणि हौशी माणसाच्या घरी दिसू लागलं ते प्लास्टिकचं जाड पिंप, पाच ब्रिटिश गॅलनचं, म्हणजे २३ लिटरचं. ते दहाएक पौंड दाबालाच वायू सोडून देतं. हे अपुरं नाही का? तिथल्या बिअरला नाही. इंग्लिश एल ही बिअर तळघराच्या गारव्यात, ११ ते १३ अंशांना पितात, आणि तिच्यात वायू जेमतेम असतो, अमेरिकन बिअरच्या निम्म्याच्या आसपास. त्या बिअरला ते पिंप पुरतं. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर मात्र चांगलीच फसफसते. ती यात भरली तर वायू निघून जातो आणि आठवड्याभरात पाणचट लागते. म्हणजे आपण कोणती बिअर पितो हे आधी ठरवावं आणि मग पिंप घ्यावं. प्रत्यक्षात बहुतेक जण आधी पिंप आणतात.

तिथल्या पबमधल्या पारंपरिक ‘कास्क’ पिंपांचंही काहींना आकर्षण असतं. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहक संघटनेने ती परंपरा टिकवायला मोठी चळवळ केली. पण कास्कमधून बिअर काढली की तिची जागा हवा घेते, आणि तीनेक दिवसांत चव उतरू लागते. सगळ्यांत लहान नेहमीचं माप साडेचार गॅलनचं, त्यात ३६ पाइंट. घरी तीस-चाळीस माणसं जेवायला असतील तर छानच. रोज संध्याकाळी एक ग्लास घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

पाच लिटरच्या पत्र्याच्या डब्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. साखर थोडी जास्त पडली की ते फुगतात, आणि फुगलेला डबा परत वापरता येत नाही.

अलीकडे पारदर्शक प्लास्टिकचे हलके केग आले आहेत. ते स्वस्त असतात, आतलं दिसतं. त्यांच्यावर छापलेली दाबाची मर्यादा आणि वापराची मुदत काटेकोर पाळावी, उकळतं पाणी कधीही ओतू नये. प्लास्टिकचा केग फुटतो म्हणजे काय होतं, ते एप्रिल २०१२मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथच्या एका ब्रुअरीत दिसलं. दाबाच्या हवेने साफ करताना तिथे एक प्लास्टिकचा केग फुटला आणि एक तरुण कामगार जागीच कोसळला, तो वाचला नाही. तो तर कारखाना होता, माणसं सरावलेली होती.

राहिला वायूचा सिलिंडर. घरगुती वापराचा सिलिंडर साधारण पाच पौंड वायूचा, म्हणजे सव्वादोन किलोचा. गळती नसेल तर डझनभर केग सहज निघतात. २० अंशांना त्याच्या आत ८३० पौंडांच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटर तो १२ वर आणतो, म्हणून रेग्युलेटर स्वस्तातला घेऊ नये. दाबाचा काटा पाहून किती वायू शिल्लक आहे हे कळत नाही, कारण आतला द्रव संपेपर्यंत काटा हलतच नाही. तो वजनावरच ओळखावा लागतो, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा. फरक एवढाच, की स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन डायऑक्साइडला वास नसतो आणि तो हवेच्या दीडपट जड असतो. बंद तळघरात गळू लागला तर जमिनीलगत साठत जातो आणि श्वास कोंडतो. म्हणून सिलिंडर हवा खेळती असेल तिथेच ठेवावा, आणि नवी जोडणी केली की प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून पाच मिनिटं बसून बघावं. एक जरी बुडबुडा आला तरी सिलिंडर बंद करून जोडणी पुन्हा करावी.