दुसऱ्याच्या गाडीत बसताना

कोणी ओळखीचा माणूस रस्त्यात गाडी थांबवून "चला, सोडतो" म्हणाला म्हणजे आपण बसतो. पिशवी मांडीवर घेतो, दार नीट लागले का तेवढे पाहतो आणि गप्पांना सुरुवात करतो. या गाडीत आपण नेमके कोणत्या नात्याने बसलो आहोत, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्याही डोक्यात येत नाही. पण पुढच्या वळणावर काही विपरीत घडले, तर न्यायालयात सर्वांत आधी हाच प्रश्न विचारला जातो, आणि घरच्यांच्या हाती चार पैसे पडणार की नाही हे त्याच्या उत्तरावर ठरते. आज मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः या प्रश्नाविषयी.

मी वकील नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला, त्या पावसाळ्यात मी कराड-चिपळूण रस्त्यावर एका मालट्रकवर क्लीनर होतो. पुढे हमाल आणि चालक यांच्या संघटनेचे काम अंगावर आले, तेव्हा हा कायदा आठवड्याला एक कलम अशा गतीने वाचून काढला. कलमे ध्यानात राहिली ती मात्र पुस्तकामुळे नव्हे, मयताच्या घरी बसावे लागले म्हणून. तेव्हा श्रोत्यांनी पांडित्याची अपेक्षा करू नये.

२००६ साली कुंभार्ली घाटात एक टेम्पो कठडा तोडून खाली गेला. टेम्पोत कांद्याची पोती होती आणि माणसे चार: चालक, कांद्याचा धनी असलेला व्यापारी, पोती उतरवावयास बरोबर घेतलेला आमचा एक हमाल आणि पाटणला हात करून चढलेली एक बाई. तिची एस. टी. चुकली होती. चिपळूणला लेक बाळंत झालेली, म्हणून चालकाला वीस रुपये देऊन ती केबिनमध्ये बसली. चौघांपैकी कोणी वाचले नाही. गाडी एक, दरी एक, विम्याची पॉलिसीही एकच. निकाल मात्र सारखे लागले नाहीत.

ते का, हे समजावयाचे तर सक्तीचा विमा म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. गाडी रस्त्यावर आणावयाची तर 'थर्ड पार्टी' विमा हवाच, असे कायदा म्हणतो. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी, तिसरा पक्ष म्हणजे ज्याला त्या गाडीमुळे इजा होईल तो. येथवर सरळ आहे. घोटाळा पुढे आहे. गाडीच्या आत बसलेला माणूस हा तिसरा पक्ष आहे काय? रस्त्याने चालणारा निश्चित आहे. आत बसलेल्याच्या बाबतीत मात्र गाडी कसली आणि तो कशासाठी बसला, याची चौकशी सुरू होते.

चालकाचे काम सोपे होते. तो टेम्पोमालकाचा नोकर. मालगाडीवरच्या नोकराची, त्या वेळच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालची जबाबदारी सक्तीच्या विम्यात धरलेलीच होती. व्यापाऱ्याचेही जमले. १९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचे छत्र मिळाले. पण 'मालाबरोबर' हा शब्द ध्यानात ठेवा. माल उतरवून त्याच टेम्पोतून रिकामे परत येताना अपघात झाला, की कंपनीचा वकील विचारतो, माल कोठे आहे?

बाईच्या बाबतीत आम्ही हरलो. मालगाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या उतारूची भरपाई कंपनीने द्यावी, असे १९९९ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते. डिसेंबर २००२ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते मत फिरविले. मालगाडी ही माल नेण्यासाठी. तीत बसलेल्या उतारूसाठी मालकाने हप्ता भरलेला नाही, तेव्हा कंपनी जबाबदार नाही. तर्क म्हणून हे चुकीचे म्हणता येणार नाही. पण त्या लेकीला मी कसे समजावून सांगू? तिची आई घाटात रस्त्याच्या कडेला उभी असती आणि तोच टेम्पो तिच्या अंगावर गेला असता, तर कंपनीने पैसे मोजले असते. आत बसली म्हणून नाहीत. हुकूम निघाला तो टेम्पोमालकावर. त्याची सारी मालमत्ता म्हणजे तो टेम्पो, आणि तो दरीत पडलेला. दोन हप्ते आले, पुढे काहीच नाही. कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका प्रकरणात दाखविला होता. तसा आदेश दर वेळी मिळतोच असे नाही. आम्हांला मिळाला नाही.

राहिला आमचा हमाल. कंपनीचे म्हणणे असे की, हा टेम्पोमालकाचा नोकर नाही आणि कांद्याचा धनीही नाही, म्हणजे फुकट बसलेला उतारू. आम्ही म्हणालो, तो मालाच्या धन्याचा प्रतिनिधी. माल उतरवावयासच तो गेला होता. याला पुरावा काय? व्यापारी तर गेलेला. शेवटी अडतीच्या दुकानातली हमालीची वही सापडली. त्या दिवसाच्या पानावर पोत्यांचा आकडा, टेम्पोचा नंबर आणि पुढे 'सोबत' असे लिहून आमच्या माणसाचे नाव होते. दिवाणजीने ते सवयीने लिहिले असेल, कायदा त्याच्या मनात नसेल. त्या एका ओळीवर भरपाई मिळाली.

१ एप्रिल २०२२ पासून कायद्याचे विम्याविषयीचे प्रकरण नव्या शब्दांत लागू झाले आहे. त्यात प्रवासी वाहनातल्या उतारूला संरक्षण आहे आणि मालवाहनात फुकट बसणाऱ्याला ते नाही, असे आता कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे एस. टी., रिक्षा, परवान्याची टॅक्सी यांत बसलात तर तुम्ही विम्याच्या आत आहात. ट्रकच्या हौद्यात बसलेले वऱ्हाड आणि टेम्पोतून ऊसतोडीला निघालेल्या टोळीबरोबर सहज चढलेला पाहुणा, हे बाहेर आहेत. लग्नसराई चालू आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता शहरातल्या मंडळींना वाटेल, हे टेम्पोचे प्रकरण. आमचा काय संबंध? आपल्यापैकी किती जण आज स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून सभागृहात आले, त्यांनी मनात मोजावे. नुसता सक्तीचा विमा असेल तर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरविले आहे. खाजगी मोटारीतल्या सोबत्यांचेही तसेच. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर मात्र मोटारीतली माणसे आणि स्कूटरवर मागे बसलेला यांचा अंतर्भाव होतो. तसे विमा नियामकाने २००९ च्या परिपत्रकांत कंपन्यांना बजावले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक पुन्हा मांडला.

यातली मेख अशी. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पॅकेजमधला दुसरा भाग, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, हा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. वर्ष संपते, तो भाग कोणी पुन्हा भरत नाही, आणि मालक छातीठोकपणे सांगतो, "विमा अजून चार वर्षे आहे." असतो, पण मागे बसणाऱ्या बायकोसाठी तो नसतो. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तोही स्वतः मालकाचा, मागच्या माणसाचा नव्हे. घरी गेल्यावर पॉलिसीचा कागद काढा आणि तीत काय लिहिले आहे ते वाचा. फोनवर 'विमा चालू' एवढे दिसले म्हणून समाधान मानू नका.

पैसे वाटून एकत्र प्रवास करण्याची पद्धत हल्ली वाढली आहे. पुण्याला जाणारी चार अनोळखी माणसे फोनवरून ठरवून एकाच्या मोटारीतून जातात आणि पेट्रोलचे पैसे देतात. मला यात गैर काही दिसत नाही; उलट एस. टी. च्या वेळापत्रकाकडे पाहिले म्हणजे माणसे असे का करतात हे कळते. पण खाजगी मोटारीच्या पॉलिसीत 'भाड्याने वापर नाही' अशी अट असते. पेट्रोलचा वाटा आणि भाडे यांतली रेघ फार बारीक आहे, आणि ती कोठे ओढावयाची याचा वाद अपघातानंतर होतो, आधी नाही. राज्याराज्यांचे नियमही गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. निदान पाटीचा रंग पाहावा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे ती खाजगी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे ती भाड्याची. विजेच्या गाडीची पाटी हिरवी. तीवर पांढरी अक्षरे असतील तर खाजगी, पिवळी असतील तर भाड्याची. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे मोजून बसणारा माणूस स्वतःच्या हिमतीवर बसतो.

भगिनींसाठी थोडे वेगळे बोलले पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत फोनवरून बोलाविलेल्या टॅक्सीत चालकाने एका तरुणीवर अत्याचार केला. चालकाची पूर्वपीठिका कोणी नीट तपासली नव्हती, हे मागाहून उघड झाले. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या टॅक्सी-बसगाड्यांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि धोक्याचे बटन सक्तीचे झाले. रिक्षा त्यातून वगळल्या आहेत. बटनावर भरवसा ठेवण्यापेक्षा बसण्यापूर्वी नंबर ताडून पाहावा, तो मोठ्याने फोनवर घरी सांगावा, चालकाला ऐकू जाईल असा. भला चालक रागावत नाही; आमच्या संघटनेतल्या चालकांना मी हे शिकविले आहे. अडचण आली तर ११२. आणि अनोळखी सोबत्यांच्या गाडीतून परतताना घराच्या दारापर्यंत सोडून घेण्याचा मोह टाळावा. चौकात उतरावे.

फोनवरच्या टॅक्सीत तिसरा एक असतो, तो दिसत नाही: कंपनी. उतारू कोठून निघाला, किती वाजता, कोणाकडे गेला हे तिला ठाऊक. चालक किती वेळा नकार देतो, कोठे थांबतो हेही ठाऊक. आमच्या एका पोराचे खाते एका सकाळी बंद झाले. कारण कोणी सांगेना. कचेरी आहे म्हणावे तर तिथे माणूस नाही. त्याला मी ॲमस्टरडॅमची गोष्ट सांगितली. तेथील अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये उबर आणि आपल्याकडचीच ओला या कंपन्यांना सांगितले की, चालकांविषयी काय माहिती साठविली आणि यंत्राने निर्णय कसा घेतला हे त्यांना कळले पाहिजे. युरोपच्या कायद्यात तो हक्क आहे. आपल्याकडे खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, तेही टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे. पोराने तोवर रिक्षा घेतली.

पोलिसाने गाडी अडविली तर लायसन्स, नोंदणी, विमा, धुराचे प्रमाणपत्र मागण्याचा त्याला अधिकार आहे, आणि डिजिलॉकरमधली प्रत चालते. रस्त्यावर कागद मागण्याच्या त्या कलमात तुमच्या फोनमधल्या गप्पांचा उल्लेख नाही. हे नम्रपणे सांगावे. हुज्जत घालू नये. अपघातात मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हेही २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. जखमीला उचला.

भरपाईच्या दाव्याविषयी दोनच गोष्टी. दावा अपघाताच्या गावीच लावला पाहिजे असे नाही; तुम्ही राहता तेथील न्यायाधिकरणातही लावता येतो. चिपळूणच्या त्या लेकीला प्रथम कोणीतरी कराडच्या फेऱ्या घालावयास लावल्या होत्या, तान्ह्या पोरासकट. दुसरी गोष्ट मुदतीची. एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण त्यावर विसंबून बाराव्याच्या पाहुण्यांबरोबर दिवस घालवू नका.

त्या वहीतल्या ओळीनंतर आम्ही बाजारात एक रीत पाडली. माल टेम्पोत चढला की पावतीच्या मागे अडत्याने 'सोबत हमाल' असे लिहून नावे घालावयाची आणि एक प्रत हमालाने दुकानात ठेवून निघावयाचे. खिशातली पावती माणसाबरोबर दरीत जाते. पहिल्या वर्षी अडते म्हणाले, हे भलते झंझट. आता बहुतेक जण लिहितात. दोन गाळ्यांवर अजून लिहीत नाहीत. त्यांच्याकडे येत्या सोमवारी बाजार भरण्याच्या आत जावयाचे आहे.